नव्वद आणि आठ

महादूची नात रूपा बारा वर्षांची झाली, तरी महादूने तिला स्वतः होऊन काही शिकवलं नव्हतं. ते खातं आनंदीबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. चमचा कसा धरायचा, चपलेतला डावा पाय कुठला, पाहुणे आले की धावत जाऊन पापे घ्यायचे नाहीत, यातल्या एकेका गोष्टीला तिने एकेक वर्ष घातलं होतं. रूपाला जन्मापासून डाउन सिंड्रोम. तिरपे डोळे, जाड जीभ, आखूड बोटं आणि काळजाला एक भोक. ते भोक चौथ्या वर्षी ऑपरेशन करून बुजवावं लागलं. महादू तिचा राग करत नव्हता. दुसऱ्याच्या घरची कपबशी हातात घ्यावी तसा तो तिला जपून, लांबून हाताळायचा, एवढंच.

पहिल्या लाटेत, जून महिन्यात, आनंदीबाईला ताप आला. पांढऱ्या किटमधली दोन माणसं कशेळीतल्या त्यांच्या दारात गाडी घेऊन आली. आनंदीबाई आपल्या पायांनी चालत गाडीत बसली. बसताना म्हणाली, "भात चुलीवर हाय, गॅस बंद करा." पाचव्या दिवशी फोन आला. स्मशानाच्या फाटकाबाहेरून महादूला धूर तेवढा दिसला, चेहरा कुणी दाखवला नाही. तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की त्या गाडीत जो चढतो तो परत येत नाही.

सून निशा भिवंडीतल्या एका कोविड सेंटरवर नर्स होती. मुलगा मनोज पूर्ण्याच्या एका गोदामात सुपरवायझर, आणि औषधांचा माल असल्यामुळे ते गोदाम एक दिवसही बंद झालं नाही. ऑपरेशन झालेल्या पोरीला हा आजार होणं म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दोघांनी बाहेरच राहायचं ठरवलं. निशा सेंटरच्या हॉस्टेलवर, मनोज गोदामातल्या एका खोलीत. एक दिवसाआड मनोज भाजी आणि दूध फाटकाशी ठेवून दहा पावलं मागे सरकायचा. गॅलरीतून रूपा दोन्ही हात पसरायची. "पप्पा, वर!" मनोज मान हलवायचा, रुमालाने डोळे टिपायचा आणि बाईकला किक मारायचा.

घरात राहिले म्हातारा आणि पोर.

शाळा बंद होती. रूपाच्या शिक्षिका, रीमाताई, फोनवर वर्ग घ्यायच्या. पहिल्या दिवशी स्क्रीनवर चौदा चौकोन उघडले. कुणी ओरडत होतं, कुणी कॅमेरा चाटत होतं, कुणाची आई रडकुंडीला आली होती. रूपाने फोन पालथा घातला आणि पलंगाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रीमाताईंनी महादूला एकट्याला फोन केला.

"आजोबा, स्क्रीन सोडून देऊ. घरात जे आहे त्यातूनच शिकवू. दिवसभर तुम्ही दोघं काय करता?"

"काय करनार? बसतो गॅलरीत."

"बसून काय बघता?"

"गाड्या."

"मग गाड्यांपासूनच सुरुवात करू," रीमाताई म्हणाल्या.

घरासमोरून ठाण्याचा रस्ता जात होता. गोदामांचे ट्रक नाक्यापर्यंत रांग लावून उभे असायचे. रूपाला एक ते नऊ आकडे ओळखता यायचे, पण दोन आकडे शेजारी आले की ती बिथरायची. महादूने ट्रकच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे ठरवले. तो मोठ्याने म्हणायचा, "अठ्ठ्याण्णव." रूपाच्या जिभेवर त्या शब्दाचा चिखल व्हायचा. चार वेळा प्रयत्न करून ती स्वतःच्याच कपाळावर बुक्की मारायची.

"तिला 'नव्वद आणि आठ' म्हणू द्या ना," रीमाताईंनी सुचवलं.

"असं कुठं म्हनतात? बाजारात लोक हसतील."

"बाजारात जाऊ तर द्या आधी तिला."

महादूने ऐकलं. दोन महिन्यांत रूपा कठड्यावर थापा मारत ओरडू लागली, "पन्नास आणि सात! वीस आणि एक!" खालचे ड्रायव्हर माना वर करून बघायचे. एक हिंदी बोलणारा म्हातारा ड्रायव्हर रोज हात जोडून म्हणायचा, "मॅडम, हमारा नंबर पढ़ो." महादूचा नियम एकच होता. आकडा असेल तोच सांगायचा. ती अंदाजाने काही बोलली की तो बोट वर करायचा, "आधी बग. मग सांग." रूपाने तो नियम असा धरला की न वाचता एखादा ट्रक निघून गेला तर ती रडायची. एका दुपारी ती झोपली असताना महादूच्या ध्यानात आलं की आपण ती उठायची वाट बघत बसलो आहोत. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आजार पुन्हा वाढू लागला. निशाने मनोजच्या हाती ऑक्सिमीटर पाठवला. बोटाला लावायची छोटी डबी, आत लाल दिवा. "रोज सकाळी आठला दोघांचा फोटो पाठवा," तिने सांगितलं. "चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की मला लगेच फोन. आणि बाबा, लस घ्या आता. तुमच्या वयाला मिळतेय."

"घेतो. एवढा चैत्र जाऊ दे."

रूपाला ती डबी फार आवडली. आजाच्या बोटाला लावायची, स्वतःच्या लावायची, बाहुलीलाही लावून बघायची. बाहुलीचा आकडा येत नाही म्हणून तिला वाईट वाटलं. रीमाताईंनी त्यातूनही धडा काढला. वहीच्या पानावर दोन रकाने. आजाच्या रकान्यावर काठीचं चित्र, रूपाच्या रकान्यावर फूल. रोज सकाळी आकडा बघायचा, लिहायचा आणि अकरा वाजता ताईंना फोनवर पान दाखवायचं. काठीखाली ९७, फुलाखाली ९८. रूपा एकेक आकडा कोरल्यासारखा लिहायची आणि लिहून झालं की पानाला पापा द्यायची.

एप्रिलमध्ये चिंधूच्या नातवाची हळद निघाली. चिंधू महादूचा लहानपणापासूनचा जोडीदार. खाडीत दोघं एकत्र पोहायला शिकलेले. मांडव छोटाच घालणार, पन्नासच माणसं येणार, असा निरोप आला. मनोजने फाटकातून बजावलं होतं, "कुठेही जायचं नाही, अण्णा." पण बेंजोचा आवाज संध्याकाळी घरात यायला लागला आणि महादूला बसवेना. त्याने रूपाला ताटलीत चुरमुरे दिले, बाहेरून कडी घातली आणि अर्ध्या तासासाठी म्हणून गेला. मास्क खिशात होता. चिंधूने पाहताक्षणी मिठी मारली आणि दोन्ही गालांना हळद फासली. परत आला तेव्हा रूपा दाराला पाठ लावून बसली होती. त्याचे पिवळे गाल बघून ती हसली आणि आपला गाल त्याच्या गालावर घासला.

पाचव्या दिवशी चिंधूच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. गॅलरीतून रूपाने तिचाही नंबर वाचला. "शून्य आणि चार!" महादूने तिचा हात धरून तिला आत ओढलं.

त्याच दिवशी त्याच्या अंगात कसकस होती.

त्याने तापाची गोळी घेतली. खोकला आला की तो मोरीत जाऊन नळ सोडायचा. दुसऱ्या दिवशी काठीखाली ९५ लिहिलं गेलं, तिसऱ्या दिवशी ९४. चौथ्या दिवशी सकाळी रूपाने डबी लावली आणि म्हणाली, "नव्वद आणि दोन." आकडा खाली गेला म्हणजे काय, ते तिला कळत नव्हतं. आकडा नवा होता म्हणून ती खूश होती.

महादूने फोन हातात घेतला. आठ वाजायला आले होते. निशाला हा फोटो गेला की अर्ध्या तासात गाडी दारात. गाडीचं मागचं दार त्याला दिसत होतं, उघडं, आत आनंदीबाईची पाठ. त्याने डबी आपल्या बोटाची काढून रूपाच्या बोटाला लावली. आकडा आला ९८. त्याने फोटो काढला. मग डबी तिच्या दुसऱ्या बोटाला लावली, हाताभोवती टॉवेल गुंडाळला आणि आणखी एक काढला.

"माझा," रूपा म्हणाली. "आजाचा न्हाय. माझा."

"असू दे."

"माझा!"

"गप बस म्हनलं ना."

निशाचं उत्तर आलं. हात जोडलेलं चित्र आणि "छान."

फोटोचं निभावलं, पण वही होती. काठीखाली रूपाने आधीच ९२ लिहून ठेवलं होतं आणि अकरा वाजता तिने ते पान फोनसमोर धरलं. वही लपवायला हवी होती, हे महादूच्या उशिरा ध्यानात आलं.

"आजोबा, हे ब्याण्णव तुमचं?" रीमाताईंचा आवाज बदलला.

"न्हाय, न्हाय. पोरगी चुकली. शहाण्णव होतं."

"ती कधी चुकत नाही हो आकड्यात."

"आज चुकली," महादू म्हणाला. "निशाला फोटो गेलाय. विचारा पायजे तर."

रूपा शेजारीच बसली होती. 'चुकली' हा शब्द तिला लहानपणापासून नीट कळत होता. दुकानात, बसमध्ये, लग्नात, तो तिच्याविषयीच असायचा. तिने आजाकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी महादूने आधीच तयारी ठेवली. रूपाने डबी लावली, नाकाजवळ नेऊन बघितली आणि म्हणाली, "नव्वद. आणि एक."

"चुकलं."

तिने परत बघितलं. "एक."

"चुकलं म्हनतो ना! नव्वद आणि सात लिही."

"आधी बग," रूपा म्हणाली. तिने बोट वर केलं, तो करायचा तसंच. "मग सांग."

महादूच्या छातीत खोकला दाटून आला होता. तो दाबायच्या भरात त्याने वही तिच्या हातातून हिसकावली, खोडरबराने तो आकडा घासला आणि त्यावर ९७ लिहिलं. "हे बरोबर. असा छोटा आकडा आला की समजायचं, चुकलं. खोडायचं आणि मोठा लिहायचा. कळलं?"

रूपाने खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. पण ती शिकणारी पोर होती. एकदा नियम कळला की तो धरून ठेवणारी.

"कळलं," ती म्हणाली.

त्यानंतरचे तीन दिवस महादूला तुकड्यातुकड्यानेच आठवतात. तो गॅलरीतल्या खाटेवर पडून असायचा. मनोज फाटकाशी आला की उठून कठडा धरायचा आणि हात हलवायचा. "अण्णा, आवाज का बसलाय?" मनोजने विचारलं. "थंड पानी प्यालो," असं तो म्हणाला आणि वाक्य संपवून आत येऊन भिंतीला टेकला. खिचडी त्याने कशीबशी केली. चिंधू गेल्याचं कुणीतरी रस्त्यावरून ओरडून सांगितलं. त्याचा धूरसुद्धा कुणाला दिसला नाही म्हणे. महादूने ते ऐकलं आणि कूस बदलली. आपण घरात आहोत, आपल्या खाटेवर आहोत, म्हणजे आपण बरोबर केलं, असं त्याला वाटलं. सकाळचा फोटो तो न चुकता पाठवत होता. रूपाच्या बोटांचे पहिल्या दिवशी काढलेले दोन फोटो होते, तेच पुन्हा पुन्हा. स्वतःचा आकडा तो बघतच नव्हता. वही रूपाच लिहायची आणि ताईंना दाखवायची. दोन्ही रकान्यांत मोठे आकडे होते.

रविवारी तो जागा झाला तेव्हा उन्हं गॅलरीत आली होती. रस्त्यावर ट्रकांची रांग होती. एका ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवून वर बघितलं. वरून कुणी ओरडलं नाही.

"रूपा?"

ती आत जमिनीवर कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अकरा वाजत आले तरी झोपलेली. वही तिच्या उशाशी उघडी होती. महादू भिंत धरत आत गेला. तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. श्वास घेताना नाकपुड्या फुलत होत्या आणि गळ्याखाली खड्डा पडत होता. त्याने कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं.

त्याने वही उचलली. फुलाखाली ९८. त्याखाली ९८. त्याखाली ९८. आज सकाळचाही लिहिलेला, ९८. पण कागद त्या जागी पातळ झाला होता, घासून घासून केस आल्यासारखा. त्याने पान खिडकीकडे उजेडात धरलं. आकड्यांच्या खाली दुसरे आकडे होते, खोडलेले, तरी पेन्सिलीच्या दाबाने उमटलेले. ९५. ९२. आणि आजचा, ८९.

डबी तिच्या हातातच होती. त्याने ती तिच्या बोटाला लावली. लाल दिवा लागला. आकडा हलला, परत हलला आणि थांबला. ८७.

रूपाने अर्धे डोळे उघडले. डबीकडे बघितलं.

"चुकलं," ती पुटपुटली. "नव्वद आणि आठ."

महादूने निशाला फोन लावला. चौथ्या वेळेला तिने उचलला. त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो सगळं एकदम बोलला. हळद, ताप, टॉवेल, फोटो. बोलता बोलता दोनदा दम लागून थांबला.

"तिचा किती?" निशाने विचारलं.

"सत्त्याऐंशी."

"तुमचा?"

त्याने डबी स्वतःच्या बोटाला लावली. "चौऱ्याऐंशी."

"तिला पालथी झोपवा. छातीखाली उशी. तुम्हीही पालथे पडा. गाडी येते."

"निशा, मला वाटलं..."

"बाबा, पालथी झोपवा तिला."

गाडी चाळीस मिनिटांनी आली. किटमधली दोन माणसं वर आली तसं रूपाने पलंगाचा पाय धरला आणि सोडेचना. ओरडायला तिच्या छातीत हवा नव्हती. नुसतं तोंड उघडत होतं. एक जण तिची बोटं सोडवू लागला. महादू म्हणाला, "थांबा." तो जिना उतरला, एकेका पायरीवर बसत. गाडीचं मागचं दार उघडं होतं. तो क्षणभर उभा राहिला आणि मग दोन्ही हातांनी दांडा धरून आधी आपण आत चढला. आतून त्याने हात पुढे केला.

"ये गं. बग, आत लाल दिवा हाय. आजा हाय ना आत."

तिला उचलून आणलं तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. गाडीत तिने त्याचा अंगठा धरला, आणि भिवंडीत त्यांना वेगवेगळ्या स्ट्रेचरवर घेईपर्यंत सोडला नाही.

महादू सतरा दिवस वॉर्डात होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस तीनदा बदलला. रूपाला ठाण्याला हलवलं होतं. निशा रजा टाकून तिच्यापाशी थांबली. मनोज रोज फोन करायचा आणि थोडक्यात सांगायचा. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "व्हेंटिलेटर लागेल म्हणतायत. बेड शोधतोय." आणि फोन तसाच चालू राहिला. त्यातून नुसता रस्त्याचा आवाज येत होता. त्या रात्री महादूने देवाला काहीही मागितलं नाही, कारण कोणत्या तोंडाने मागायचं ते त्याला कळेना. आठव्या दिवशी बेड मिळायच्या आतच पोरीचा आकडा एकेकाने वर यायला लागला. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. अशा वेळी ते काही विचारूही नये.

मे संपता संपता दोघं घरी आले. महादूला जिना चढायला आता दोनदा थांबावं लागायचं. निशा घरी राहायला आली होती. जेवायला वाढायची, औषध द्यायची, बोलायची नाही. दहाव्या दिवशी ताट उचलताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "फोटोतलं बोट तिचं होतं. करंगळी वाकडी आहे तिची, टॉवेलमधून दिसत होती. माझ्या पोटची पोर, आणि मी बोट बघितलंच नाही. नुसता आकडा बघितला." मग ती ताट घेऊन मोरीत गेली.

रूपाचा श्वास सुधारला, भूक लागायला लागली, ती हसायलाही लागली. पण गॅलरीत एक ट्रक आला आणि महादूने बोट दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "नव्वद आणि आठ." पाटीवर होतं ३१. दुसरा ट्रक आला, ६०. "नव्वद आणि आठ." कॅलेंडरची तारीख, नव्वद आणि आठ. ताटातल्या भाकऱ्या, नव्वद आणि आठ. ती बघतच नव्हती. आकडा विचारला की आधी समोरच्याचा चेहरा बघायची आणि मग तेच बोलायची, हळू आवाजात, मार चुकवावा तसं.

निशा सेंटरवर परत गेली त्या दिवशी महादूने रीमाताईंना फोन करून सगळं सांगितलं. ताईंनी त्याला रागावावं असं त्याला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "ती हुशार आहे, आजोबा. तुम्ही शिकवलं ते शिकली." मग म्हणाल्या, "आता तुम्ही चुकायचं. रोज. तिच्यासमोर. आणि ती सुधारेल तोवर थांबायचं. वर्ष लागेल कदाचित."

महादू रोज चुकू लागला. एक केळं हातात घेऊन "चार" म्हणायचा. डाव्या पायात उजवी चप्पल घालायचा. रूपा गप्प राहायची. पावसाळा गेला, गणपती गेले. नवरात्रात एका दुपारी तो ट्रककडे बघून "सत्तर आणि दोन" म्हणाला. रूपा बराच वेळ कठड्याला हनुवटी टेकून उभी राहिली. मग तिने कुणालाही न सांगितल्यासारखं रस्त्याकडे बघत म्हटलं, "सत्तर. आणि पाच." महादू हलला नाही. "माझं चुकलं," तो म्हणाला. दिवाळीपर्यंत ती ट्रक बरोबर वाचू लागली. डबी मात्र ती हातात घेत नव्हती. दिसली की पाठ फिरवायची.

जानेवारीत आजार तिसऱ्यांदा आला. महादूचे दोन्ही डोस झाले होते. मनोज म्हणाला, या वेळचा साधा आहे, सर्दीसारखा. तरी निशाला सकाळचे फोटो पाठवणं पुन्हा सुरू झालं. एका सकाळी महादूला अंग जड वाटलं. गोदामांवर धुकं होतं आणि ट्रक दिवे लावून उभे होते. त्याने डबी रूपासमोर ठेवली.

"माझा बग."

तिने मान हलवली.

"तू बग. मी न्हाय बगत."

रूपाने बऱ्याच वेळाने डबी उचलली आणि त्याच्या बोटाला लावली. लाल दिवा लागला. पण तिने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो घाबरला आहे की नाही, ते शोधत होती ती. महादूला ते कळलं, कारण तो खरोखरच घाबरला होता आणि चेहरा कसा सरळ ठेवायचा ते त्याला जमत नव्हतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तोंडावर घेतला. टॉवेलखाली अंधार आणि स्वतःचाच गरम श्वास.

"आता सांग," तो म्हणाला.

बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजणारी शिटी वाजत होती. त्याच्या बोटाभोवती तिची आखूड बोटं होती, ओलसर.

"नव्वद," ती म्हणाली. आणि मग, घशातून ओढून काढल्यासारखं, "आणि एक."

महादूने टॉवेल काढला नाही. दुसऱ्या हाताने चाचपडत फोन घेतला आणि तिच्याकडे दिला. "आईला लाव."

निशाने लगेच उचलला.

"रूपा सांगते, एक्क्याण्णव हाय," महादू म्हणाला.

"तुम्ही बघितलंत का, बाबा?"

"न्हाय."

"अहो, मग एकदा बघून..."

"तिने बघितलंय," महादू म्हणाला. "गाडी पाठव."